पुठ्ठ्याची बोटं

दर्शना भोईरच्या बोटाची साल टेबलावर पडली तेव्हा तिला काहीच दुखलं नाही. आधी तिला वाटलं, चिकटपट्टीचा तुकडा असेल. तिने तो चिमटीत उचलून उजेडात धरला. पिवळसर, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यावर बारीक रेघा. अंगठ्याचा ठसा उमटवल्यावर दिसतात तशा. मग तिने डाव्या हाताची तर्जनी वळवून पाहिली. टोकाची राठ कातडी एवढीशी सपाट झाली होती. सुताराने रंधा मारून लाकडाची ढलपी काढावी तशी कातडीची ढलपी निघाली होती. रक्ताचा टिपूस नव्हता.

आणि हे ज्या चाकूने केलं होतं, तो माणसाला कापतच नाही म्हणून गेला महिनाभर त्याचं कौतुक चाललं होतं.

२०३८ साल होतं. भिवंडी बायपासजवळच्या त्या गोडाऊनमध्ये माल बाहेर पाठवायचं काम यंत्रांकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती. परत येणारा माल मात्र यंत्रांना जमत नसे. गोडाऊनमधून निघालेलं खोकं सरळ, चौकोनी असतं. लोकांच्या घरून परत आलेलं खोकं ज्याच्या त्याच्या स्वभावासारखं असतं. कुणी ते सुतळीने आवळतं, कुणी चिकटपट्टीचं अख्खं रीळ संपवतं, कुणी न आवडलेली साडी पंख्याच्या खोक्यात कोंबून पाठवतं. यंत्रांचे हात तिथे गोंधळत. म्हणून सव्वाशे बायका लांबच लांब टेबलांपाशी उभ्या राहून दिवसभर खोकी फोडत, आतला माल बघत आणि वेगवेगळ्या ट्रेमध्ये टाकत.

दर्शना त्यांच्यात सगळ्यांत जुनी. बावीस वर्षं तिने खोकी फोडली होती. खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केली की आत कपडा आहे की काच, हे ती न फोडता सांगे, आणि नव्या मुली तिच्याशी पैजा लावून हरत. पुठ्ठा हाताचं तेल शोषून घेतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्या कातडी घासतात. बावीस वर्षांत तिच्या बोटांची टोकं कासवाच्या पाठीसारखी झाली होती.

नवा चाकू येण्याआधी सगळ्या जणी साधा कटर वापरत. आतबाहेर सरकणाऱ्या पात्याचा, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा. त्याने एकदाही कापलं नाही अशी बाई टेबलांवर नव्हती. सगळ्यांत वाईट कापलं होतं नसरीन बुबेरेला. ती दर्शनाच्या शेजारची, चार नंबरच्या टेबलावरची. दोघींचा डबा एक, चहा एक, आणि बसमधली जागाही एकमेकींसाठी धरलेली. दोन वर्षांपूर्वी एका खोक्याची पट्टी अचानक तुटली, कटर सटकला आणि नसरीनच्या डाव्या तळव्यातून आरपार गेला. शिरा जोडल्या, पण शेवटची दोन बोटं पुन्हा पूर्ण मिटली नाहीत. तिला मागच्या खोलीत स्टिकर लावायला बसवलं. तिथे खिडकी नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलायला कुणी नव्हतं. नसरीन अशी बाई होती की ती बोलायला लागली की पाच टेबलांवरच्या बायकांचे हात हसून थांबायचे. मागच्या खोलीत ती गप्प गप्प होत गेली.

मग पुण्याहून तेजल उबाळे आली.

तेजल एका छोट्या कंपनीत चाकूंची रचना करायची. वय एकोणतीस, मूळची लातूरची, केस कापलेले, पायांत सपाता. चाकू वाटायच्या पहिल्या दिवशी तिने टेबलावर उभी राहून एक फिकट निळा चाकू दाखवला, सगळ्यांदेखत एक जाड खोकं उभंच्या उभं चिरलं, आणि तोच चाकू, तसाच, स्वतःच्या मनगटावर ओढला. पुढच्या रांगेतल्या दोघी किंचाळल्या. तेजलच्या मनगटावर पांढरी रेघ उठली आणि विरून गेली.

"जादू नाही," ती म्हणाली. "हे पातं मुळात बोथट आहे. तुमच्या नखाला असते तेवढीच धार याला आहे. नुसतं गालावरून फिरवा, काही होणार नाही. मुठीच्या आत एक चकती आहे. तिला वीज दिली की ती आकुंचन पावते, प्रसरण पावते, सेकंदाला चाळीस हजार वेळा. तिच्यामुळे पातं थरथरतं. ती थरथर डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, पण बोथट पातं तिच्या जोरावर पुठ्ठा कापतं. थरथर थांबली की हा चाकू म्हणजे पट्टी."

"पण माणूस कोण नि पुठ्ठा कोण, हे त्याला काय कळतं?" मागून कुणीतरी विचारलं.

तेजलने डब्यातली स्टीलची वाटी मागून घेतली आणि चमच्याने वाजवली. वाटी किणकिणली. मग तिने वाटीच्या काठाला बोट लावलं आणि पुन्हा वाजवली. आवाज बसका आला.

"ऐकलंत? वाटी तीच, बोट लागलं की सूर बदलतो. पातंही असंच आहे. पुठ्ठा लागला की त्याचा सूर एक होतो, प्लॅस्टिक लागलं की दुसरा, आणि कातडी लागली की तिसरा. चाकू तो सूर सतत ऐकत असतो. वीस थरथरींमध्ये, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात, तो ओळखतो आणि थांबतो. तेवढ्या वेळात कातडीला ओरखडासुद्धा धड उठत नाही."

मुठीवर दोन बारीक दिवे होते. हिरवा म्हणजे कापायला हरकत नाही, तांबडा म्हणजे माणूस. मूठ हलकी धरली तर पातं नुसतं ऐकायचं आणि दिवा दाखवायचं. मूठ घट्ट आवळली तरच कापायचं. टेबलावर ठेवलं की आपोआप झोपायचं. डावखुऱ्या बाईलाही दिवे दिसतील असे ते वरच्या कडेला बसवले होते. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात म्हणून मागे ओढणीला अडकवायचा चिमटा होता, आणि सुतळी ओढून तोडायला एक आकडा. हे सगळं तेजलने त्याआधी आठ महिने गोडाऊनमध्ये बसून, एकेकीची मूठ मोजून ठरवलं होतं. कंपनीने चाकूला ठेवलेलं नाव 'उमज'. टेबलांवर दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'शहाणा' पडलं.

शहाण्याचा तो महिना मजेत गेला. बायका जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या गालांवर चाकू फिरवून तांबडा दिवा लावायच्या. नसरीनच्या अपघातानंतर सक्तीचे झालेले हातमोजे गेले, उन्हाळ्यात हात मोकळे झाले. आणि सुपरवायझर केतन गायकरने नसरीनला मागच्या खोलीतून पुन्हा चार नंबरवर आणलं. आता कापायची भीती नव्हती. नसरीन परत आली त्या दिवशी तिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड मिटलं नाही. दर्शनाला हसून उचक्या लागल्या.

कंपनीला चाकूच्या खोक्यावर छापायला एका कामकरी हाताचा फोटो हवा होता. त्यांनी दर्शनाचा उजवा हात निवडला. राठ बोटांत निळा चाकू धरलेला तो हात आता प्रत्येक खोक्यावर होता.

आणि त्याच चाकूने तिच्या बोटाची ढलपी काढली होती.

दर्शनाने ती ढलपी रुमालात बांधली. मूठ हलकी धरली, पातं एकेका बोटाला लावलं. अंगठा, तांबडा. मधलं बोट, तांबडा. तर्जनी, हिरवा. तिने पुन्हा लावलं. हिरवा. दहा बोटं झाली तेव्हा हिशेब असा होता, की शहाण्याच्या मते दर्शना भोईरची चार बोटं पुठ्ठ्याची होती.

दोन दिवस तिने हे कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा नवरा भरत टेंपो लावून घरी आला. त्याच्या पुढ्यात तिने रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं.

भरतने ढलपी निरखली. "सांग ना मग केतनला. यात अडलंय काय?"

"सांगितलं की सगळे चाकू गोळा करतील. जुने कटर निघतील."

"निघू दे. बावीस वर्षं तेच होते."

"नसरीनला परत मागे बसवतील."

भरतने ढलपी पुन्हा रुमालात ठेवली. मग म्हणाला, "मग केतनच्या आधी नसरीनला सांग. तिला दुसऱ्याकडून कळलं तर ती तुला कधी माफ करणार नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत दर्शनाने नसरीनला जिन्याखाली नेलं. नसरीनने हसत हसत चाकू घेतला आणि एकेक बोट लावू लागली. लग्नाआधी ती यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, दिवसभर सूत बोटांवरून धावायचं. त्यावर पुढे पुठ्ठ्याची वर्षं. हिरवा, हिरवा, तांबडा, हिरवा. सातव्या हिरव्याला तिचं हसू थांबलं.

"मी जपून कापीन," ती म्हणाली.

"जपूनच कापायचं तर जुना कटर काय वाईट होता? ह्याच्या भरवशावर सगळ्या जणी बिनधास्त झाल्यात. परवा त्या नव्या मुलीने खोकं धरलं होतं नि रोहिणी तिच्या हातावरूनच चिरत होती. आज ढलपी निघाली, उद्या शीर जाईल. तुला मी काय सांगायचं त्यातलं?"

"मला नकोच सांगू." नसरीनचा आवाज चढला. "तुला ती खोली माहीत नाही, दर्शना. दोन वर्षं मी भिंतीशी बोललेय. मी आत्ता कुठे माणसांत आले, नि तू सांगणार?"

"सांगावं लागेल, बाय."

"सांग. तुझा हात छापलाय ना खोक्यावर, तुला कोण मागे बसवणार?"

ती चहा न पिता निघून गेली.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत दर्शनाने काळं मार्कर घेतलं आणि एका टोकापासून सुरुवात केली. नुसतं तोंडाने सांगून उपयोग नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका बाईच्या एका बोटाचं म्हणणं 'चुकून लागलं असेल' म्हणून मिटवतात. ती एकेकीपुढे बसली, दहाही बोटांना पातं हलकं लावलं आणि हिरवं निघालेल्या प्रत्येक बोटावर काळा ठिपका दिला. आधी बायकांना गंमत वाटली. ठिपके वाढू लागले तशी कुजबूज झाली. त्या दिवशी कामावर एकशे अठरा जणी होत्या. चौपन्न जणींच्या हातांवर ठिपके पडले. कामाला दोन वर्षंही न झालेल्या एकीवरही नाही. दहा वर्षांच्या वरच्या प्रत्येकीवर.

"म्हणजे जितकं जास्त काम केलंय, तितका हा आपल्याला माणूस समजत नाही," रोहिणी तिच्या पाच ठिपक्यांकडे बघत म्हणाली.

केतन गायकर आला, हातांची रांग बघून त्याने कपाळाला हात लावला, आणि तासाभरात चाकू गोळा झाले. चार नंबरच्या टेबलावर दर्शनाच्या शेजारची जागा रिकामी झाली.

तेजल दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने आली. येतानाच ती लढायच्या तयारीत होती.

"ताई, आम्ही सहा हजार बोटं तपासली होती. एकही चुकलं नव्हतं."

"कुणाची?"

"सगळ्यांची. कॉलेजची मुलं, ऑफिसांतले लोक, बागेत येणारे म्हातारे, लहान मुलंसुद्धा."

दर्शनाने हात पुढे केला. तेजलने तर्जनी दोन बोटांत धरली, दाबली, नखाने टोकावर टकटक केली. आवाज आला. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ ते बोट तिने सोडलंच नाही.

"मी आठ महिने इथे होते," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या मुठी मोजल्या. चिमटा कुठे हवा ते विचारलं. बोटांची टोकं मोजायचं डोक्यातच आलं नाही. खोक्यावर फोटो मात्र याच हाताचा लावला."

"आता काय करणार?"

"सोपं आहे एक. रोज सकाळी प्रत्येकीने आपली दहा बोटं चाकूला लावायची. तो त्या दिवसापुरती ओळखून ठेवील."

"माझी बोटं माझा चाकू ओळखील. पण खोकं धरायला शेजारीण आली तर? तिचं बोट त्याला पुठ्ठाच. आणि घाईच्या दिवशी दहा बोटं लावत कोण बसतंय? नाही मॅडम. चाकू असा करा की समोर कोण आहे ते न विचारता थांबेल."

तेजलने डोकं हलवलं. मग तिने विचारलं, "तुम्ही पुण्याला याल का आठवडाभर? मला तुमचे हात लागतील."

कंपनी म्हणजे भोसरीतल्या एका गाळ्याचा वरचा मजला निघाला. चार माणसं, खूप वायरी आणि रांगेने मांडलेली रबरी बोटं. दर्शना दिवसभर पात्यांना बोटं लावी आणि पडद्यावर रेघा उमटत. पुठ्ठ्याची रेघ आणि तिच्या तर्जनीची रेघ एकीवर एक ठेवली की एकच दिसे. तेजल ते बघून वैतागे, कारण सूर ऐकून वेगळं काढायला वेगळेपणच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाहेरून मागवलेल्या सामानाचं एक खोकं आलं. दर्शनाने सवयीने त्यावर टकटक केली आणि म्हणाली, "आत पावडर आहे कसली तरी."

खोकं फोडलं. पांढऱ्या मातीची पुडी होती.

"हे कसं ओळखता?" तेजलने विचारलं.

"नखाने वाजवलं तर वरचा पुठ्ठाच बोलतो. पेराने, जाड वाजवलं तर आतलं बोलतं."

तेजल धावत फळ्यापाशी गेली. बारीक सूर वरवर फिरून येतो. खालचा, जाडा सूर खोल जातो. चाळीस हजारांची थरथर दर्शनाच्या जाड कातडीत वरच्या वरच विरत होती, खालचं ओलं मांस तिला लागतच नव्हतं. चार हजारांची थरथर मात्र त्या थराखाली पोचली असती. पुठ्ठ्याच्या आत हवा असते, माणसाच्या आत पाणी. बारीक सुरात जाडा सूर मिसळला की पुठ्ठा आणि बोट यांची गल्लत होणं शक्यच नव्हतं.

दोन दिवसांत त्यांनी तसं पातं बनवलं. दर्शनाची चारही बोटं तांबडी लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग तेजलच्या एका सोबत्याने वेळ मोजला, आणि टाळ्या थांबल्या.

अडचण साधी होती. जाडा सूर सावकाश असतो. त्याच्या चार थरथरी ऐकायच्या तर सेकंदाचा हजारावा भाग लागतो, म्हणजे आधीच्या दुप्पट. तेवढ्यात पातं कातडीत आणखी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी ते रबरी बोटं कापून खोली मोजत बसले आणि आकडे काही केल्या खाली येईनात. शनिवारी दुपारी तेजल डोकं टेबलाला टेकवून म्हणाली, "लवकर ऐकावं तर ओळखत नाही. ओळखावं तर उशीर होतो. आता काही सुचत नाही मला."

दर्शना कापलेलं एक रबरी बोट हातात फिरवत होती. गुळगुळीत, गुलाबी, लहान मुलाच्या बोटासारखं मऊ.

"हे बोट कुणाचं?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही. आपलं नेहमीचं."

"अशा बोटाला तर तुमचा पहिला बारीक सूरच ओळखतो ना? लगेच?"

"हो."

"मग जाडा सूर लागतो कुणासाठी? माझ्यासारखीसाठी. आणि माझी कातडी किती जाड आहे बघा ना! ती ढलपी निघाली तेव्हा रक्त आलं नव्हतं. ही कातडी कापत आत जायलाच तुमच्या पात्याला वेळ लागेल की. तुम्हाला जो वेळ पाहिजे, तो माझी कातडी देते."

 मग तेजल इतकी जोरात ओरडली की खालच्या गाळ्यातला माणूस काय झालं म्हणून वर आला.

कातडी पातळ, तर बारीक सूर झटकन ओळखतो. कातडी जाड, तर ओळखायला उशीर होतो, पण तोवर पातं त्या जाडीतच असतं. मांसापर्यंत पोचत नाही. जितकी राठ कातडी, तितकी सवड. त्यांनी घाईघाईने रबरी बोटांवर दर्शनाच्या ढलपीएवढे जाड थर चढवले, दोन्ही सूर एकत्र वाजवले आणि कापून पाहिलं. ओरखडा थरातच थांबला. दुसरं बोट, तसंच. वीस बोटं झाल्यावर तेजल दर्शनाचे दोन्ही हात धरून त्या वायरींनी भरलेल्या खोलीत गोल गोल फिरायला लागली, आणि दर्शनाही फिरली.

हजारो रबरी बोटांवर तपासण्या होऊन नवा चाकू तयार व्हायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत दर्शनाने रोज बसमध्ये नसरीनसाठी जागा धरली आणि नसरीन रोज पुढे जाऊन दुसरीकडे बसली. एकदा दर्शना मागच्या खोलीत डबा घेऊन गेली. नसरीनने स्टिकरच्या गठ्ठ्यावरून मान वर केली नाही. दर्शना तिथेच जमिनीवर बसून एकटी जेवली, भांडी गोळा केली आणि आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्यानंतर ती रोज तिथेच जेवायला बसू लागली. दोघी बोलत नव्हत्या. एकदा नसरीनने लोणच्याची बरणी न बघता तिच्याकडे सरकवली, एवढंच.

नवे चाकू आले तो दिवस शनिवारचा होता. ते पिवळे होते. तेजलने सगळ्यांपुढे आधीची चूक सांगितली, कुणाच्या माथी न मारता, स्वतःची म्हणून. खोक्यांवर अजूनही दर्शनाचा हात होता, पण आता त्याखाली तिचं नाव छापलं होतं, आणि 'रचना' या शब्दापुढे तेजलच्या नावाशेजारीही. मग केतन गायकरने, कुणाला हात लावायची सक्ती नको म्हणून, बाजारातून आणलेलं गाजर पुढे केलं. चाकूने गाजराचे सटासट दोन तुकडे केले आणि सगळे हसले, कारण गाजरात पाणी असलं तरी त्याचा सूर माणसाचा नव्हता.

"आता बोट," तेजल म्हणाली. "माझ्यावर आणि दर्शनाताईंवर करून झालंय. पण तुमच्यापैकी कुणी..."

कुणी पुढे होईना. जुन्या ठिपक्यांची आठवण सगळ्यांना होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि नसरीन चालत टेबलांमधून आली. तिने दर्शनापुढे आपला उजवा अंगठा खोक्यावर आडवा ठेवला. सात हिरव्यांतला सगळ्यांत टणक.

"काप," ती म्हणाली. पाच महिन्यांतला तिचा दर्शनाशी पहिला शब्द.

"नसरीन, हलक्या मुठीने आधी..."

"हलक्या मुठीने गाजर काप. मला घट्ट मुठीने काप. तू बनवलायस ना?"

दर्शनाने मूठ आवळली. खोक्याचा पुठ्ठा चिरत पिवळं पातं सरळ आलं, अंगठ्यापाशी पोचलं आणि थांबलं. तांबडा दिवा लागला. नसरीनने अंगठा उचलला, उलटसुलट केला, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. पांढरी रेघ होती, बस्स.

"अगं, मी माणूस निघाले!" ती ओरडली, आणि सव्वाशे बायकांचा असा गलका उठला की बाहेरचे ड्रायव्हर आत डोकावले. नसरीनने दर्शनाला मिठी मारली, मग लगेच मागे होऊन म्हणाली, "आणि तू पाच महिने माझं लोणचं खाल्लंस, ते विसरू नकोस." पुढचा अर्धा तास ती जे बोलली, त्यात पाच महिन्यांचं सगळं आलं. केतनने घड्याळाकडे बघितलं नाही.

पिवळा चाकू चालला. दुकानांत गेला, घरांत गेला. तसं झाल्यावर तेजल पुन्हा भिवंडीला आली. या खेपेला तिला फक्त एक विचारायचं होतं. अजून किती प्रकारचे हात आपण पाहिलेलेच नाहीत? कंपनीला कुणीतरी गावोगाव जाऊन हात तपासायला हवं होतं. शिकलेल्या मुलांना पाठवून पाहिलं, पण लोक त्यांच्यापुढे हात लपवत.

"मी जाईन," दर्शना म्हणाली. "पण एकटी नाही. लोकांना बोलतं करायला मला एक बाई लागेल."

"कोण?"

दर्शनाने उत्तर द्यायच्या आधीच शेजारून नसरीन म्हणाली, "माझी मूठ कुठली, पंजा मिटत नाही धड. पण तोंड एकदम ठणठणीत आहे."

तेव्हापासून त्या दोघी फिरतायत. दगडाच्या खाणींत गेल्या, वीटभट्ट्यांवर गेल्या, चामडं कमावणाऱ्यांकडे, दोरखंड वळणाऱ्यांकडे. नसरीन गप्पा मारते, दर्शना बोटं तपासते.

परवा त्या उरणच्या मिठागरांवर होत्या. सकाळचं लख्ख ऊन, चौकोनी वाफ्यांतलं चमकणारं पाणी, आणि बांधावर बसलेली साठीची एक बाई, रखरखीत पांढऱ्या हातांची, हिराबाई ठाकूर नावाची. चाळीस वर्षं तिने त्या खाऱ्या पाण्यात मीठ ओढलं होतं. नसरीनने तिला हसवून हसवून हात पुढे करायला लावला. दर्शनाने मूठ हलकी धरली आणि अंगठ्याला पातं लावलं.

हिरवा.

तिने पुन्हा लावलं. हिरवाच. आतापर्यंत पालथ्या घातलेल्या सातशे वस्त्यांमध्ये ज्याने एकही बोट चुकवलं नव्हतं, त्या चाकूला मिठात मुरलेली ही कातडी ओळखू आली नव्हती.

"काय झालं? हात वाईट आहे का माझा?" हिराबाई हात मागे घेऊ लागली.

दर्शनाने तो हात घट्ट धरला. तिचा चेहरा उजळला होता.

"वाईट? अहो मावशी, असा हात आमच्याकडे नव्हताच!" ती म्हणाली. मग वळून तिने मोठ्याने हाक मारली, "नसरीन, वही काढ. आणि पहिलं यांचं नाव लिही, पूर्ण."